म्हातारचळ नव्हे, आजार

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या खिडकीपाशी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. त्या रांगेत एखादे दिवशी असा प्रसंग घडतो. उभी हयात शिक्षकी पेशात घालवलेले, वळणदार अक्षराचे एक गृहस्थ पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करतात आणि पलीकडचा कारकून ती स्लिप परत सरकवतो. सही जुळत नाही. गृहस्थ पुन्हा सही करतात. तीही जुळत नाही. तिसऱ्या खेपेस ते पेन हातात धरून नुसतेच उभे राहतात. मागे चुळबूळ सुरू होते. घरी आल्यावर ते याविषयी बोलत नाहीत, बोललेच तर कारकून उर्मट होता एवढेच सांगतात. घरच्यांनाही ते पटते. बँकेतला कारकून उर्मट असणे ही काही अविश्वसनीय गोष्ट नव्हे.

पुढे काही महिन्यांनी त्याच घरात एका आठवड्यात तीनदा तूरडाळ येते. रक्तदाबाची गोळी एखादे दिवशी दोनदा घेतली जाते, एखादे दिवशी मुळीच नाही. पाकीट सापडत नाही म्हणून आधी कामवाल्या बाईंवर संशय घेतला जातो आणि त्या काम सोडून गेल्यावर तोच संशय सुनेवर येतो. पाकीट शेवटी तांदळाच्या डब्यात सापडते. तोपर्यंत घरात जे बोलायचे नव्हते ते बोलून झालेले असते. शेजारीपाजारी समजूत घालतात, "चालायचेच, साठी बुद्धी नाठी!"

या एका म्हणीने मराठी घरांचे जेवढे नुकसान केले असेल तेवढे क्वचितच दुसऱ्या म्हणीने केले असेल. साठी आली म्हणून बुद्धी नाहीशी होत नाही. वयाबरोबर स्मरणाचा वेग मंदावतो, नावे जिभेवर यायला वेळ लागतो हे खरे. परंतु तांदळाच्या डब्यात पाकीट ठेवणे आणि सुनेला चोर ठरवणे हा वार्धक्याचा स्वभावधर्म नाही. तो मेंदूचा आजार असू शकतो. मधुमेह जसा आजार, हृदयविकार जसा आजार, तसाच हाही. बँकेतल्या न जुळलेल्या सहीपासून तज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचायला आपल्याकडे अनेकदा वर्षे लागतात आणि त्या वर्षांतच बरे होण्याजोगे काही असेल तर त्याची वेळ निघून जाते, व्यवहार विस्कटतात, नाती तुटतात.

स्मृतिभ्रंश हा शब्द आपल्याला नवा नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो आलेला आहे. तेथे क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा विभ्रम आणि त्यातून बुद्धीचा नाश अशी उतरंड सांगितली आहे. परंतु तेथे अभिप्रेत असलेली स्मृती ही विवेकाची, कर्तव्याच्या जाणिवेची आहे. वैद्यकशास्त्रातील स्मृतिभ्रंश निराळा. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण शब्द एकच असल्याने पुष्कळांना हा आजार म्हणजे मनोनिग्रहाचा अभाव किंवा कसले तरी कर्मफळ वाटते. अत्यंत संयमी, निर्व्यसनी, शिस्तबद्ध आयुष्य जगलेल्या माणसालाही तो होतो. त्यात दोषी कोणी नसते.

वैद्यकात या आजाराची ओळख कशी पटली, ती कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. रेल्वेतील कारकुनाची ही पत्नी. तिच्या वागण्यातला पहिला बदल विस्मरणाचा नव्हताच. तिला नवऱ्याविषयी विनाकारण संशय येऊ लागला होता. मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवल्या जाऊ लागल्या. अलॉइस अल्झायमर या तरुण डॉक्टरांनी तिला समोर बसवून प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. नाव विचारले तर ती आपले नाव सांगे. नवऱ्याचे नाव विचारले तरी आपलेच नाव सांगे. लिहायला सांगितले तर अर्ध्यावर थांबे. १९०६ च्या एप्रिलमध्ये तिचे निधन झाले. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांनी तेथे मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चेतापेशींच्या बाहेर एका प्रथिनाची पुटे साचलेली होती आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे निरीक्षण मांडले. त्यावर काही चर्चादेखील झाली नाही. चार वर्षांनी, १९१० मध्ये, एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या मनोविकारशास्त्राच्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. त्या स्त्रीची मूळ नोंदवही पुढे हरवली होती. ती १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या दप्तरखान्यात सापडली.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या जर्मन घरात जे घडले आणि आज आपल्या घरांत जे घडते, त्यांतले साम्य विलक्षण आहे. संशय, लपवालपव, बिघडलेला स्वयंपाक. भाषा निराळी, धर्म निराळा, काळ निराळा; आजार तोच.

मेंदूचे वजन सुमारे तेराशे ते चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. परंतु शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा तो एकटा खर्च करतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. कानाच्या वरच्या बाजूस, आत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग दोन्ही बाजूंना असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. आज सकाळी काय खाल्ले, दुपारी कोण भेटून गेले, या नव्या गोष्टी मनात रुजवण्याचे काम त्याचे. अल्झायमरच्या आजारात बहुधा या भागावर आघात लवकर होतो. म्हणून नवे काही टिकत नाही आणि जुने मात्र दीर्घकाळ टिकते. थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच हा क्रम नोंदवला होता : आधी अलीकडचे जाते, मग जुने. आपल्याकडे याचा अनुभव फार हृद्य आणि तितकाच क्लेशदायक असतो. दहा मिनिटांपूर्वी जेवण झाल्याचे ज्या आजोबांना आठवत नाही, तेच पावकी, निमकी, पाऊणकी न अडखळता म्हणतात; समोर बसलेला मुलगा कोण हे न ओळखणाऱ्या आजी तिन्हीसांजेला परवचा सुरू झाला की हात जोडून स्वर लावतात. ते पाहून घरच्यांना वाटते, एवढे सगळे आठवते तर बाकीचे का नाही. हे सोंग तर नव्हे? ते सोंग नसते. जुन्या पाठांतराची वाट अजून मोकळी असते आणि नवी वाट बंद झालेली असते.

साधा विसराळूपणा कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो, हा प्रश्न प्रत्येक साठीपुढच्या माणसाला सतावतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे साधे आहे. लग्नात भेटलेल्या दूरच्या नातलगाचे नाव न आठवणे साधे आहे, विशेषतः ते रात्री झोपताना आपोआप आठवले तर. परंतु तोच प्रश्न अर्ध्या तासात पाच वेळा विचारणे, रोजच्या देवळातून घरी येताना वळण चुकणे, सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, ओळखीच्या वस्तूचे नाव न सुचून 'ते हे' म्हणत राहणे, ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. पन्नास वर्षे पुरणपोळी केलेली गृहिणी शिजलेल्या डाळीसमोर उभी राहते आणि पुढे काय घालायचे हे तिला उमजत नाही, तेव्हा विस्मरणापेक्षा अधिक काही घडत असते. कामाचा क्रमच मोडलेला असतो. आणखी एक ढोबळ खूण डॉक्टर सांगतात. स्वतःच्या विसराळूपणाची तक्रार घेऊन माणूस स्वतः येतो तेव्हा बहुधा काळजी कमी असते. माणूस म्हणतो, मला काही झालेले नाही आणि तक्रार पत्नी किंवा मुले करतात, तेव्हा लक्ष अधिक द्यावे लागते. याला अपवाद असतात, पण खूण उपयोगी आहे.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असला तरी एकमेव नाही. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून होणारा प्रकार आपल्याकडे पुष्कळ दिसतो, कारण रक्तदाब आणि मधुमेह आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यात उतार सरळ नसतो. पायरी उतरावी तशी प्रकृती एकदम खालावते, काही काळ स्थिर राहते, पुन्हा एक पायरी उतरते. वृद्धांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र असणेही नेहमीचे आहे. एका प्रकारात नसलेली माणसे, लहान मुले किंवा प्राणी दिसू लागतात. पन्नाशीतच येणारा आणखी एक प्रकार असा की त्यात स्मरण बरेच शाबूत राहते, परंतु सभ्य माणूस असभ्य वागू लागतो.

खरी कळकळ आहे ती यापुढच्या मुद्द्याची. स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या काही अवस्था बऱ्या होऊ शकतात किंवा पुष्कळ सुधारू शकतात. थायरॉइड ग्रंथी मंदावली तर माणूस सुस्त आणि विसराळू होतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर स्मरण, चाल आणि हातापायांची संवेदना बिघडते. शाकाहारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण वनस्पतिजन्य अन्नात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. दूध-दह्यातून काहीसे मिळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. साधी रक्तचाचणी आणि इंजेक्शने किंवा गोळ्या, इतका सोपा हा उपाय आहे. न्हाणीघरात पाय घसरून डोके आपटले, त्या वेळी काहीच झाले नाही असे वाटले आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साकळलेले असू शकते. शस्त्रक्रियेने ते काढता येते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर येणारे नैराश्य वृद्धांमध्ये विस्मरणाचा मुखवटा घालून येते. सर्दीच्या, झोपेच्या, लघवीच्या काही गोळ्या वृद्धांच्या मेंदूला गुंगी आणतात. आणि एखादा वृद्ध कालपर्यंत ठीक होता नि आज एकाएकी बरळू लागला, तर तो स्मृतिभ्रंश बहुधा नव्हेच. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, असे तातडीचे कारण असते. अशा वेळी 'वय झाले' म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

तपासणी म्हणजे काही अग्निदिव्य नव्हे. तारीख, वार, ठिकाण विचारतात. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. घड्याळाचे चित्र काढायला लावतात. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपल्या देशात तिची एक अडचण होती. ज्याने शाळाच पाहिली नाही त्याला वाक्य लिहायला सांगून काय कळणार? हरियाणातील वल्लभगड परिसरात ग्रामीण वृद्धांचा अभ्यास करताना भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी तिचे हिंदी रूपांतर निरक्षरांनाही लागू पडेल असे केले. परदेशी साधन आहे म्हणून नाकारले नाही आणि जसेच्या तसे उचललेही नाही.

आता आकड्यांकडे वळू. ते थोडकेच पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. भारतात साठ आणि त्यावरील वयाच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. खेड्यात शुद्ध हवा, कष्टाचे जीवन, एकत्र कुटुंब. तरी तेथे अधिक का, असा प्रश्न सहज पडेल. त्याचे एक मोठे कारण शिक्षण हे दिसते. ज्या स्त्रियांना बालपणी शाळेत पाठवले गेले नाही, त्यांच्या मेंदूची शिल्लक मुळातच कमी जमा झाली. सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या मुलीला पाटी-पेन्सिल न देण्याचा निर्णय कोणीतरी घेतला. त्याची किंमत ती आज आजी झाल्यावर मोजते आहे. खेड्यांतील एकत्र कुटुंबाविषयी आपण जे गोडवे गातो, त्यांत हा हिशेबही मांडला पाहिजे.

शिल्लक हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी एका ख्रिस्ती संघातील जोगिणींचा अभ्यास हाती घेतला. पुढे ६७८ जणी त्यात सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्यास त्यांनी संमती दिली. त्यांतील एक जोगीण १०१ वर्षे जगली. अखेरपर्यंत तिचे स्मरण उत्तम होते. मृत्यूनंतर पाहिले तर तिच्या मेंदूत अल्झायमरची पुटे आणि गुंते विपुल होते! आजाराच्या खुणा होत्या, आजार दिसला मात्र नव्हता. आयुष्यभर शिकत-शिकवत राहिल्याने मेंदूत पर्यायी वाटा तयार होतात आणि मुख्य रस्ता खचला तरी वाहतूक चालू राहते, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्याच अभ्यासात असेही दिसले की, विशीत लिहिलेल्या आत्मवृत्तांत ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती, त्यांना वार्धक्यात हा आजार कमी झाला.

आपल्या देशातील दोन अभ्यास या संदर्भात अभिमानाने, पण भान ठेवून सांगावे असे आहेत. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. तेलुगू, उर्दू, हिंदी बाजारात बोलून शिकलेल्या माणसालाही तो लाभ मिळाला होता. दुसरा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचा त्यात सहभाग होता. लहानपणापासून शुक्ल यजुर्वेदाचे पाठांतर केलेले २१ तरुण वैदिक पंडित आणि तेवढेच इतर तरुण यांच्या मेंदूंच्या प्रतिमांची तुलना जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी केली. पंडितांच्या मेंदूत स्मरण आणि भाषेशी निगडित अनेक भाग अधिक भरीव आढळले. ही बातमी आल्यावर पाठांतराने अल्झायमर टळतो, असे संदेश भ्रमणध्वनीवरून फिरू लागले. अभ्यासात तसे म्हटलेले नाही. ते पंडित तरुण होते, संख्या लहान होती आणि वार्धक्यात त्यांचे काय होते हे तपासलेले नव्हते. आपल्या परंपरेचा गौरव खऱ्या गोष्टींवर उभा राहतो. त्याला खोट्या टेकूची गरज नाही.

आणि भाषांचा लाभ हा कवचकुंडले नव्हे. जॉर्ज फर्नांडिस यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मंगळूरहून मुंबईत आलेला, १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारा, १९७४ मध्ये देशाची रेल्वे थांबवणारा, पुढे देशाचा संरक्षणमंत्री झालेला आणि कोकणी, कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषांत सभा जिंकणारा हा नेता अखेरची काही वर्षे अल्झायमरने ग्रासला होता. २९ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा सार्वजनिक जीवनातून ते कधीच दूर गेले होते.

मग हाती काय आहे? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ च्या अहवालात चौदा घटक सांगितले आणि त्या सर्वांवर आयुष्यभरात पूर्ण उपाय झाला तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज मांडला. त्यांत तंबाखू, मद्य, स्थूलता, मधुमेह, प्रदूषित हवा, नैराश्य, डोक्याची इजा हे अपेक्षित घटक आहेतच. पण सर्वांची उजळणी करण्यापेक्षा आपल्या घरांत सर्वाधिक उपेक्षिलेल्या तिघांविषयी बोलणे बरे.

पहिला रक्तदाब. चाळिशी-पन्नाशीतला वाढलेला रक्तदाब सत्तरीतल्या मेंदूचा शत्रू असतो. तो दुखत नाही, म्हणून गोळी सोडली जाते. 'सवय लागेल' हे त्याचे ठरलेले कारण. जेवणाची सवय लागलेली चालते, गोळीची का चालत नाही, हे कोडेच आहे.

दुसरा कान. मध्यम वयापासून कमी होणारे ऐकू येणे हा या चौदांतील मोठ्या घटकांपैकी एक. चष्मा लावताना कोणाला संकोच वाटत नाही, पण श्रवणयंत्र म्हणजे म्हातारपणाची पाटी वाटते. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीत मागे बसतो, मग बैठकीलाच येत नाही, मग घरात असून एकटा पडतो. अमेरिकेत २०२३ मध्ये ९७७ वृद्धांवरील एका चाचणीचे निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्राचा फरक दिसला नाही. परंतु ज्यांना आधीपासून धोका अधिक होता, त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. हा काही चमत्कार नव्हे, पण घरातल्या खणात पडून असलेले यंत्र कानात घालण्यास एवढे कारण पुरे.

तिसरा व्यायाम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२० वृद्धांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटांपर्यंत, झपझप चालायला लावले. वर्षभराने त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तो किंचित आकसला. वयोमानाने जो भाग आकसायचा तो वाढला. येथे कार्यकर्त्यांना एक कानपिचकी देणे प्राप्त आहे. तरुणपणी रोज मैदानावर घाम गाळणारा कार्यकर्ता जबाबदारी वाढली की बैठकांत गुंततो. मैदान सुटते, प्रवास वाढतो आणि प्रत्येक घरी आग्रहाचा गोड चहा होतो. पंचावन्नाव्या वर्षी तो इतरांना व्यायामाचे महत्त्व सांगत असतो, त्याचा स्वतःचा पट्टा मात्र दोन भोके पुढे सरकलेला असतो.

मेंदूच्या व्यायामाविषयी पुष्कळ बोलले जाते. शब्दकोडे सोडवणारा शब्दकोड्यात तरबेज होतो. त्याहून जास्त लाभ होईलच असे नाही. अधिक उपयोग होतो तो नवे आणि थोडे अवघड शिकण्याचा, तेही चार माणसांत बसून. निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकणारे लोक आहेत, पासष्टाव्या वर्षी पेटीवर बोटे ठेवणारे आहेत, वस्तीतल्या मुलांना गणित शिकवणारे आहेत. फिनलंडमध्ये १,२६० वृद्धांवरील दोन वर्षांच्या चाचणीत आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख असे चारही उपाय एकत्र केले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा लाभ माफक पण स्पष्ट होता.

औषधांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण येथे पैसा फार वाया जातो. स्मरणशक्तीच्या रंगीत डब्यांतल्या गोळ्यांवर मध्यमवर्गीय कुटुंबे वर्षाला हजारो रुपये घालतात. गिंको नावाच्या वनस्पतीच्या अर्काची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अमेरिकेत चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंश टळत नाही. आपल्या चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधू, गुडूची आणि शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत. ब्राह्मीवर निरोगी माणसांत काही लहान चाचण्या झाल्या असून स्मरणावर थोडा अनुकूल परिणाम दिसला आहे. परंतु झालेला आजार त्याने थांबतो असे सिद्ध झालेले नाही. हळदीने उंदरांत आशा दाखवली, माणसांत ती अद्याप फळली नाही. जाणत्या वैद्यांच्या सल्ल्याने रसायन घेण्यास हरकत नसावी. मात्र त्यासाठी रक्तदाबाची गोळी बंद करणे हा आत्मघात आहे. डोनेपेझिल, मेमँटीन यांसारखी आधुनिक औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात, आजार थांबवत नाहीत. मेंदूतील पुटे काढणारी दोन नवी औषधे अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये संमत झाली. ती आरंभीच्या अवस्थेतच देता येतात, घसरण थोडी मंदावतात, मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

त्यामुळे आजही या आजाराचे सर्वांत मोठे औषध घरातले माणूस हेच आहे. आणि ते माणूस बहुतेक वेळा पत्नी, सून किंवा लेक असते. ज्या सुनेवर चोरीचा आळ आला, तीच पुढे सासऱ्यांना भरवते, त्यांचे कपडे बदलते. परदेशी असलेला मुलगा दर रविवारी पडद्यावर दिसतो. त्याच्याशी बोलताना आजोबा दहा मिनिटे छान बोलतात, म्हणून त्याचे मत असे की वहिनी उगाच बाऊ करते. त्याने एकदा पंधरा दिवस रजा घेऊन यावे आणि रात्रीची पाळी स्वतः करावी. हा उपाय बहुतेक गैरसमजांवर गुणकारी ठरतो.

काही गोष्टी अनुभवी घरांनी शिकून घेतलेल्या आहेत. वाद घालू नये. आई कोठे आहे असे ऐंशी वर्षांच्या आजींनी विचारले, तर ती चाळीस वर्षांपूर्वी वारली असे सांगितल्याने त्यांना दर वेळी नव्याने सुतक लागते. त्याऐवजी आईविषयी बोलते करावे. दिनक्रम ठरलेला असावा, सामानाची जागा बदलू नये. कातरवेळी अस्वस्थता वाढते, घरात असूनही 'घरी चला' असा हट्ट सुरू होतो. त्याआधीच दिवे लावावेत, ओळखीची भजने लावावीत, हातात शेंगा सोलण्यासारखे काम द्यावे. गॅसचा मुख्य खटका रात्री बंद असावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात संस्कृतचे पंडित रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. माहुताची अशिक्षित बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते, त्यांच्या विद्वत्तेशी तिला काही देणेघेणे नसते. प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा तो चित्रपट आहे.

सांभाळणाऱ्यालाही सांभाळावे लागते. आठवड्यातून एक दुपार तिची स्वतःची असली पाहिजे. आपल्या वस्त्यांत, शाखांत, महिला मंडळांत रुग्णाची चौकशी करणारे पुष्कळ असतात. दोन तास त्याच्याजवळ बसतो, तुम्ही जाऊन या, असे म्हणणारे थोडे. निवृत्त आणि धडधाकट मंडळींना याहून उपयुक्त सेवाकार्य शोधावे लागणार नाही. अशा कुटुंबांसाठी १९९२ मध्ये कोचीन येथे एक राष्ट्रीय संस्था, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया, स्थापन झाली. २१ सप्टेंबर हा दिवस जगभर या आजाराच्या जाणीवजागृतीसाठी पाळला जातो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे.

आणि कागदपत्रे. हे बोलणे अशुभ मानून टाळले जाते, मग न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मृत्युपत्र करताना माणूस शुद्ध मनाचा असावा लागतो. निदान झाल्याबरोबर, समज शाबूत असतानाच, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह ते करावे. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की तो अधिकारही संपतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. नंतर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावे लागू शकते. त्यापेक्षा बँकेतील खाते वेळीच पती-पत्नीच्या किंवा मुलाच्या संयुक्त नावे करावे आणि सर्व ठेवींवर नामनिर्देशन आहे ना ते पाहावे. माणूस अजून एकटा फिरायला जात असेल तर त्याला अडवून ठेवू नये. सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि घरातील दोघांचे भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवावी, तीच दुसऱ्या सदऱ्यांतही शिवून टाकावी. कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षाथांब्यावरचे चालक आणि देवळातील पुजारी यांना आजार काय आहे ते न लपवता सांगून ठेवावे.